बोल्टची फ्रेम

औषधाच्या कारखान्यातून आलेलं काम तसं साधं होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून पुढे सरकतात, त्यांच्यावरचं लेबल सरळ चिकटलंय का हे बघायला वर एक कॅमेरा बसवायचा होता. कॅमेरा कारखान्याचा, तो धरून ठेवणारी फ्रेम अप्पांच्या वर्कशॉपने बनवून द्यायची.

अप्पांचं अर्धं आयुष्य फ्रेमा बनवण्यात गेलं होतं. लोखंडी अँगल कापायचा, गुण्या लावून काटकोन बघायचा आणि वेल्डिंग मारायचं. वर्कशॉप घराच्या मागच्या अंगालाच होतं, त्यामुळे ग्राइंडर सुरू झाला की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची. सून मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. लग्नानंतर तिने आधी ड्रॉइंगचं काम अंगावर घेतलं आणि हळूहळू कुठल्या कामाला काय माल लागेल हेही तीच ठरवू लागली. नवरा गिऱ्हाइकं सांभाळायचा. बाप आणि बायको यांची जुंपली की त्याला हटकून कुठेतरी माल पोचवायचा असे.

या वेळी जुंपली ती जेवणाच्या टेबलावर. सुनेने सॅम्पलचा खोका आणून तिथे ओतला होता. अल्युमिनियमचे खाचा असलेले बार, कोपऱ्यात बसणारी छोटी ब्रॅकेट, मोठी त्रिकोणी ब्रॅकेट, बोल्ट, खाचेत सरकणारे नट.

"हे काय खेळणं आहे?" अप्पा म्हणाले.

"फ्रेम आहे. बोल्टची. बाटल्या तीन मापांच्या आहेत अप्पा, दर वेळी कॅमेरा वरखाली करावा लागणार. बोल्ट ढिला करायचा, सरकवायचा, आवळायचा. शिवाय आत ठिणगी उडालेली त्यांना चालत नाही. म्हणजे जागेवर वेल्डिंग नाहीच."

"इथून वेल्डिंग करून नेऊ."

"दरवाजातून जाणार नाही. मी मोजून आलेय."

अप्पांनी एक छोटं ब्रॅकेट उचललं, तळहातावर झेलून पाहिलं आणि परत ठेवलं. "वेल्डिंग कधी ढिलं होत नाही," ते म्हणाले.

"अहो, ताटं मांडायची आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं ठरेपर्यंत आम्ही हेच बोल्ट खायचे का?"

दुसऱ्या दिवशी सुनेने बार जोडून नमुन्याची चौकट उभी केली. अप्पा समोर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"वाकडी आहे. मधे पोट आलंय बघ या बारला."

तिने गुण्या लावला. सपाटी बघायला पाणसळ ठेवली. सगळं बिनचूक होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी मान वळवली होती. मुद्दाम खोडी काढतायत, तिला वाटलं. तिने मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि तोंडाने म्हणाली, "बरं, वरची चौकट बोल्टची ठेवते. खालचा बेस तुम्ही लोखंडाचा करा."

"करतो," अप्पा म्हणाले. पण ते खूश दिसले नाहीत.

बेस काही होईना. आज रॉड नाही, उद्या लाइट गेली, परवा कंबर धरली. नवऱ्याने एकदा विचारलं तर त्याला असा आवाज चढवला की त्याने लगेच गाडीची किल्ली शोधली. कारखान्यातून फोन यायला लागले तेव्हा सूनच एका दुपारी मागे गेली.

अप्पा ग्राइंडर घेऊन बसले होते. स्वतःच मारलेलं वेल्डिंग स्वतःच घासून काढत होते. शेजारी आणखी दोन तुकडे पडले होते, त्यांचीही तीच गत. वेल्डिंगची शिवण जोडावरून सुरू होऊन भलतीकडेच गेली होती. नवशिक्यानेही असं काम केलं नसतं. ती काही बोलायच्या आत अप्पांनी ग्राइंडर बंद केला.

"बघितलंस ना? झालं समाधान?"

"अप्पा, हे काय झालं?"

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. मग एका हाताने डावा डोळा झाकून त्यांनी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. "ती चौकट मला वाकडी दिसते. उजव्या डोळ्याने. मधोमध पोट आल्यासारखी. आणि जिथे बघतो नेमकं तिथेच काळपट डाग. आधी वाटलं, वेल्डिंगच्या मुखवट्याच्या काचेचा दोष आहे. काच बदलली. मग चष्मा पुसून पुसून झाला."

"कधीपासून?"

"तुझ्या त्या खोक्याच्या आधीपासून."

ती पालथ्या घातलेल्या डब्यावर टेकली. नमुन्याच्या चौकटीला आलेलं पोट तिला आता कळलं आणि मनातले ते चार शब्द तिचे तिलाच लागले.

"आईंना सांगितलंत?"

"नाही. तूही सांगायचं नाहीस. तुला माहीतच होतं म्हणा."

"मला? मला कुठून माहीत असणार?"

"उगाच साळसूदपणा नको. म्हणून तर बोल्ट काढलेस तू. म्हाताऱ्याला वेल्डिंग जमत नाही, तर असं काम आणू की वेल्डिंगच लागणार नाही. वर बेस माझ्या पदरात टाकलास, तोंडाला पानं पुसायला." त्यांनी घासलेला तुकडा कोपऱ्यात भिरकावला. "माझ्यावर दया करायची नाही कुणी."

 तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं.

"अप्पा, मला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं! तीन मापांच्या बाटल्या आहेत म्हणून बोल्ट घेतले. दुसरं काही डोक्यात नव्हतं. बेस दिला तो तुमचं तोंड फुगलं होतं म्हणून."

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती हे त्यांना दिसलं असावं. ते काहीसे ओशाळले.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "आणि आईंना मी सांगणार."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर आत्ता सांगते. स्वयंपाकघर काही लांब नाही."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, पडद्याचा फोटो काढला आणि अप्पांना चांगलंच झापलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात सूज होती. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते टिकवता येईल. आणखी थांबला असतात तर तेही गेलं असतं. डावा डोळा चांगला होता. सासूबाई बाहेरच्या बाकावर एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र अप्पांना इतकं बोलल्या की इंजेक्शन परवडलं असं त्यांनी सुनेला हळूच सांगितलं.

पहिलं इंजेक्शन झाल्यावर, पट्टी निघाली त्या दिवशी, ते ड्रॉइंगच्या टेबलाशी आले.

"बेसही बोल्टचाच कर. खाली पायाची ब्रॅकेट टाक आणि जमिनीत पक्की कर." एवढं बोलून ते वळले. तिनेही "का" विचारलं नाही.

फ्रेम बसवायला दोघंही गेली. डोक्याला टोप्या, बुटांवर पिशव्या, अशा अवतारात अप्पा लाइनवर उभे राहिले. जोडणी बघता बघता झाली. पण शेजारचं झाकणं आवळणारं मशीन सुरू झालं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं. कॅमेरा एकामागून एक बाटली बाद करत सुटला.

"ताई, लेबलं तर सगळी सरळ आहेत," लाइनवरची सुपरवायझर म्हणाली. "तुमची फ्रेमच नाचतेय."

 सून खाली बसून पायाचे बोल्ट आवळायला लागली. ते आवळलेलेच होते. अप्पांनी उभ्या खांबावर तळहात ठेवला, मग कॅमेरा धरणाऱ्या आडव्या हातावर.

"खांब गप्प आहे. थरथर इथे आहे, या कोपऱ्यात. हात लांब आणि ब्रॅकेट एवढंसं."

तिने वर पाहिलं. चूक तिची होती. सॅम्पलमध्ये मोठी त्रिकोणी ब्रॅकेट होती. दिसायला बोजड म्हणून तिने ती बाजूला ठेवली होती. नशिबाने खोका गाडीतच होता.

"बदलू?" तिने विचारलं.

"बदल. वेल्डिंग केलं असतं तर आत्ता कापत बसलो असतो," अप्पा म्हणाले, आणि लगेच पुस्ती जोडली, "तसं वेल्डिंग केलं असतं तर हललंच नसतं म्हणा."

त्यांनी आडवा हात खांद्यावर पेलून धरला. तिने छोटं ब्रॅकेट काढून खालून आणि वरून त्रिकोणी ब्रॅकेट लावली. मशीन पुन्हा सुरू झालं. चित्र स्थिर राहिलं. सुपरवायझरने मुद्दाम एक बाटली तिरप्या लेबलाची सोडली. कॅमेऱ्याने तेवढीच बाद केली. सुपरवायझरने मान डोलावली आणि ती पुढच्या कामाला निघून गेली.

त्यानंतर इंजेक्शनं चालू राहिली. डाग गेला नाही, पण वाढलाही नाही. अप्पा दुपारी बोल्ट आवळायला बसत आणि अल्युमिनियमला नावं ठेवत.

मग जड मोटरी वाहून न्यायच्या ट्रॉल्यांचं काम आलं. सुनेने माल ठरवला आणि स्वतःच म्हणाली, "अप्पा, याला वेल्डिंगच लागणार. बोल्ट टिकणार नाहीत."

 मग त्यांनी बाजारामागच्या एका वेल्डरीणबाईचं नाव सुचवलं. हात चांगला आहे, फक्त घाई करते. ती आली, तोंडावर मुखवटा ओढला आणि कामाला लागली. अप्पा प्रकाशाकडे पाठ करून स्टुलावर बसले. काही बघत नव्हते, फक्त आवाज ऐकत होते.

"हात सावकाश," मधेच ते म्हणाले. "आवाज तुटतोय."

बाईने मुखवटा वर करून सुनेकडे पाहिलं. सुनेने खांदे उडवले. बाईने पुन्हा रॉड टेकवला, या वेळी सावकाश, आणि अप्पा आतल्या दिशेने ओरडले, "अगं, एक चहा जास्त टाक."