नेरिडाने जोडलेली जीप

मित्रांनो, माझ्या अंगावरचा हिरवा रंग पाहून मला नवी समजू नका. रंग दोन वर्षांपूर्वीचा आहे. मी मात्र पासष्टी ओलांडली आहे. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी मी एक जीप. दगड, वाळू, चिखल यांत वाढलेली.

माझे सुटे अवयव इंग्लंडमधल्या एका कारखान्यात घडले. ॲल्युमिनियमचे पत्रे, पोलादी चेसिस, जाडजूड गिअरबॉक्स. ते लाकडी खोक्यांत भरून बोटीने सिडनीला आले आणि तिथे मला जोडण्यात आले. १९५८ सालच्या हिवाळ्यात मी आगगाडीच्या उघड्या डब्यावर बसून फ्लिंडर्सच्या डोंगरांपलीकडे, हेडली क्रोन यांच्या मेंढ्यांच्या रानात पोहोचले.

तिथे मी पंचवीस वर्षे राबले. पहाटे उठून कुंपणाच्या तारांच्या कडेने चाळीस मैल जायचे, पवनचक्क्या पाहायच्या, लंगड्या मेंढ्या मागच्या हौद्यात घालून परत आणायच्या. टपी नावाची एक कुत्री माझ्या बॉनेटवरच्या जादा चाकात अंगाचे वेटोळे करून बसे. उतारावरही ती पडत नसे. एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला तेव्हा मी तीन दिवस पाण्याची टाकी ओढत होते. मोठे ट्रक वाळूत रुतले आणि मी खालच्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी वर चढले. चौथ्या दिवशी हेडलींनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. त्या रानातली माणसे फार बोलत नसत.

पुढे थंड हवेची, मऊ आसनांची गाडी आली. मला एका झाडाखाली उभे केले गेले. आधी टायर बसले, मग काचा गेल्या, मग कोंबड्यांनी माझ्या आसनावर अंडी घालायला सुरुवात केली. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण खालची चेसिस गंजते. तेहतीस वर्षांत ती बिस्किटासारखी झाली. सर्वांत वाईट गोष्ट गंज नव्हती, मित्रांनो. लोक माझ्याजवळून जात, आणि मी तिथे आहे हे त्यांना दिसतच नसे, ही होती.

मग लायल नॉस्के आला. तो रेल्वेत फिटर होता, नुकताच निवृत्त झाला होता. हेडलींच्या सुनेला अंगणासाठी लोखंडी फाटक हवे होते. लायलने ते घडवून दिले आणि बदल्यात मला मागितले. मला ट्रेलरवर चढवून तो डोंगराच्या पायथ्याच्या गावात आपल्या घरी घेऊन आला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले. त्या शेडमध्ये त्याच्या बायकोची गाडी राहत असे. ती आता उन्हात गेली.

बायकोचे नाव नेरिडा. ती गावात मोटरसायकलवरून टपाल वाटायची. आमचे पहिल्या दिवसापासून पटले नाही.

“किती दिवस लागतील?” तिने विचारले.

“एखादं वर्ष,” लायल म्हणाला.

पाच वर्षे झाली. त्याने मला पार उकलले. चेसिस कापली, नवे पोलाद जोडले, इंजिन उघडून टेबलावर मांडले. कार्बुरेटर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतला. नेरिडाच्या केकच्या साच्यांत माझे बोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडले.

“लायल, या घरात एक तर ती राहील नाही तर मी.”

“ती कुठे जाणार, बाईसाहेब? तिला चाकं नाहीत.”

नेरिडा हसू दाबून आत जायची. माझ्याकडे मात्र ती कधी नीट पाहत नसे.

लायलने माझे बारीक भाग कॉफीच्या, बिस्किटांच्या, दूधभुकटीच्या डब्यांत ठेवले होते. साठ-सत्तर डबे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. कोणत्या डब्यात काय आहे ते सगळे त्याच्या डोक्यात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो गिअरबॉक्सवर वाकला होता. हातातला वॉशर खाली पडला. तो वॉशरकडे पाहत राहिला, उचलेना. मग त्याचा उजवा पाय गेला आणि तो माझ्या चेसिसशी कोसळला. मला ओरडता येत नाही. मी फक्त तिथे होते. सुदैवाने नेरिडा टपालाला निघताना किल्ली कुठे आहे ते विचारायला शेडमध्ये आली.

पक्षाघाताचा झटका होता; विमानाने त्याला ॲडलेडच्या रुग्णालयात नेले. तीन महिन्यांनी तो काठी टेकत परतला. उजवा हात नीट वळत नव्हता. आणि शब्द गेले होते. समोरच्याचे त्याला सगळे समजे, पण बोलायला गेला की भलताच शब्द बाहेर पडे. चहाला तो ‘बादली’ म्हणे, कुत्र्याला ‘बुधवार’. नेरिडाला काय म्हणावे ते त्याला सापडतच नसे. तो तिच्याकडे पाही, ओठ हलवी आणि मान खाली घाली. काही दिवसांनी त्याने प्रयत्नच सोडला. मागच्या दारापाशी खुर्ची टाकून तो दिवसभर गप्प बसे. शेडकडे तोंड करूनच बसे, पण उठून कधी आला नाही.

शेजारचा कॉन हा त्याचा जुना मित्र. त्याच्याकडे माझ्यासारखीच एक गाडी होती. हिवाळ्याच्या शेवटी तो नेरिडाला म्हणाला, “रागावू नकोस, पण हे सगळं डोळ्यांसमोर पडलेलं बघून त्याला जास्त त्रास होत असेल. मी घेऊन जाऊ? माझ्या गाडीला सुटे भाग होतील. निदान वाया तरी जाणार नाहीत.”

नेरिडाने बराच वेळ भांडे पुसले. “ने,” ती म्हणाली.

शनिवारी कॉन ट्रेलर घेऊन आला. मोठे भाग चढवून झाले. डब्यांना जागा पुरेना, म्हणून त्याने लहान डबे एका मोठ्या बादलीत रिकामे करायला सुरुवात केली. नट, बोल्ट, स्प्रिंगा, पिना सगळे एकमेकांत मिसळून खळखळत पडू लागले. मला माझ्या आयुष्याची पाने कोणी फाडतो आहे असे वाटले.

तेव्हा लायल उठला. खुर्चीपासून शेडपर्यंतचे अंतर थोडे, पण त्याला फार वेळ लागला. कोणी आधार द्यायला गेले तर त्याने कोपराने दूर सारले. शेडमध्ये येऊन तो पालथ्या खोक्यावर बसला, काठीने बादली जवळ ओढली आणि एका पोत्यावर उलटी केली. मग डाव्या हाताने एकेक तुकडा उचलून वेगळा ठेवू लागला.

“लायल, अरे, राहू दे ना ते,” कॉन म्हणाला.

“हात लावू नकोस, कॉन,” नेरिडा हळूच म्हणाली. “बघू दे मला.”

दुपारपर्यंत तो थांबला नाही. पोत्यावर चाळीसएक ढीग झाले. नेरिडाने दुरुस्तीचे पुस्तक आणले आणि चित्रांशी एकेक ढीग ताडून पाहिला. एकही चूक नव्हती. फक्त एक स्प्रिंग त्याने बाजूला टाकली होती. तिने विचारले तसे त्याने बोटाने तिच्या मोटरसायकलकडे दाखवले. ती स्प्रिंग माझी नव्हतीच.

नेरिडा त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “आणि मी या माणसाला इतके दिवस चमच्याला काय म्हणतात ते विचारतेय,” ती म्हणाली.

कॉनने घसा खाकरला. “मग... मी ट्रेलर रिकामा नेऊ?”

“आधी सगळं उतरव. होतं तिथे ठेव. आणि सोमवारी ये, इंजिन उचलायला माणूस लागेल.”

त्या दिवसापासून नेरिडा लायलचा उजवा हात झाली, अगदी शब्दशः. तो डाव्या हाताने दाखवायचा, ती करायची. तिची नखे काळी झाली. दर डब्यावर तिने मोठ्या अक्षरांत नाव लिहिले, आणि डबा उघडण्याआधी ते नाव लायलने मोठ्याने वाचायचे असा नियम केला. जवळच्या पोर्ट ऑगस्टा शहरात बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण बाई होती. ती त्याला कप, मांजर, छत्री यांची चित्रे दाखवी आणि तो तोंड फिरवून बसे. नेरिडा एकदा माझे भाग पिशवीत घालूनच त्याला तिच्याकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने कॉनला सांगितलेले मी ऐकले.

“ती पोरगी म्हणते, अहो, मलाच यांची नावं माहीत नाहीत. मी म्हटलं, मग तो शिकवेल तुला. तासभर शिकवलं त्याने. अर्धं चुकीचं शिकवलं असेल, पण शिकवलं.”

शब्द येऊ लागले, पण नळातून थेंब थेंब पाणी गळावे तसे. एक आज, दोन पुढच्या आठवड्यात. ‘वॉशर’ आला. ‘पाना’ आला. क्लचला तो कितीतरी दिवस ‘काकू’ म्हणत होता, आणि नंतर शेडमध्ये सगळेच त्याला काकू म्हणू लागले. कधी शब्द अडला की तो पाना फेकून द्यायचा. नेरिडा तो उचलून आणायची. कधी तीही वैतागायची आणि दोघे पाठीला पाठ लावून माझ्या पायऱ्यांवर बसून राहायचे. सगळे गोड होते असे मी सांगणार नाही.

एका दुपारी ती गिअरबॉक्सच्या झाकणाचा बोल्ट आवळत होती. आवळला तरी तिचे समाधान होईना. पान्यावर तिने अंगाचा भार टाकला.

“नेरिडा, पुरे. आटे जातील,” लायल म्हणाला.

आटे, म्हणजे बोल्टवरचे पीळ, गेलेच. बोल्ट तुटून तिच्या हातात आला. पण ती बोल्टकडे पाहतच नव्हती. तिने पाना खाली ठेवला आणि माझ्या चाकाला टेकून बसली.

“काय म्हणालास?”

लायलने तुटक्या बोल्टकडे बोट दाखवले. “आटे,” तो रागाने म्हणाला.

“त्याच्या आधी.”

त्याला आठवावे लागले. मग आठवले, तिचे नाव. त्या दिवशी पुढे काहीच काम झाले नाही.

त्या शनिवारपासून सव्वा वर्षाने माझे इंजिन सुरू झाले. पहिल्या वेळी नाही. अकराव्या वेळी. खोकला, धूर, मग ती जुनी घरघर. कॉनने टोपी काढली. लायलला आता गाडी चालवण्याची परवानगी नव्हती, म्हणून चालवायला नेरिडा बसली. पहिल्या वळणावर तो ‘डावीकडे’ म्हणाला आणि हाताने उजवीकडे दाखवले. तिने हाताचे ऐकले.

एक गोष्ट मात्र उरली होती. लायल गावात कोणत्याच दुकानात जात नसे. लोक वाईट नव्हते, पण तो अडला की त्याचे वाक्य तेच पूर्ण करून टाकत, आणि मग तो गप्प होई. गेल्या महिन्यात एका शनिवारी नेरिडाने मला बेकरीसमोर उभे केले.

“दोन पॅटिस आण. मटणाचे. मी गाडीतच बसते.”

“तू?”

“मी इंजिन बंद करत नाही. पुन्हा सुरू नाही झालं तर?”

ते खरे नव्हते. मी आता एका झटक्यात सुरू होते. लायलला ते माहीत होते आणि तिलाही. तो उतरला.

काचेतून मला तो दिसत होता. त्याची पाळी आली. काउंटरमागची बाई वाकली, तिने काही विचारले. लायलचे ओठ हलले आणि थांबले. मागे पाच जण रांगेत होते. नेरिडाचा हात दाराच्या कडीवर गेला, तिथेच राहिला. बेकरीतल्या बाईने हातातला चिमटा खाली ठेवला आणि काउंटरवर कोपर टेकून त्याच्याकडे पाहत उभी राहिली. रांगेतही कोणी हलले नाही. माझे इंजिन घरघरत होते.

लायल कागदी पिशवी घेऊन बाहेर आला. नेरिडाने ती उघडली. आत जॅम आणि साय भरलेले चार बन होते.

“मी पॅटिस सांगितले होते.”

लायल आसनावर नीट टेकून बसला. “हे,” तो म्हणाला, “चांगले.”

तो चुकला की त्याने मनाचे केले, हे तिने विचारले नाही. दोघांनी दोन-दोन बन खाल्ले आणि साय माझ्या नव्या आसनावर सांडली.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी माझ्यासारखे काही अर्धवट उघडून पडलेले असेल, तर ते भंगारात देण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा. आणि एखादा माणूस शब्दासाठी अडला असेल, तर घाईने त्याचे वाक्य पुरे करू नका. बाहेर गाडी चालू ठेवून थांबा. तो उशिरा येईल, भलतेच काही घेऊन येईल, पण येईल.