शेंदऱ्या

स्नेहल फरशीवर पालथी होऊन माशांच्या टाकीच्या कपाटाखाली मोबाईलचा उजेड फिरवत होती. धुळीचा गोळा, पेनाचं टोपण, पिस्त्याचं टरफल. मासा नव्हता. तिने गाल फरशीला टेकवला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा पाहिलं.

"गावला का?" मागून आप्पांनी विचारलं.

"नाही."

ती उठून बसली. शाळेत शिकवून आल्यापासून तिने खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. दार उघडलं तेव्हा सासरे टाकीपुढे उभे होते. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओलीचिंब, टाकीवरची जाळीची चौकट अर्धी बाजूला सरकलेली, आणि आत दोनाऐवजी एकच फायरफिश.

"आप्पा, जाळी तुम्ही काढलीत?" पर्स न उतरवताच तिने पहिलं हेच विचारलं होतं.

"नाय. बाजूलाच व्हती ती." मग जरा थांबून ते म्हणाले, "काडली बी असंल. आता काय सांगू."

"आणि हात कशाला घातलात पाण्यात?"

"चाखलं. खारं हाय. पन आपल्या खाडीचं नाय."

एरवी तिला हसू आलं असतं. आप्पांचं, म्हणजे बळीराम पाटलांचं, अर्धं आयुष्य मिठागरावर गेलं होतं. गाव विमानतळात गेलं, मिठागर त्याआधीच बुजलं, आणि ते मुलाच्या, दीपेशच्या, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. एके काळी मिठाच्या वाफ्यांवरून लोकांशी भांडायला उभा राहणारा माणूस. त्यांच्या तोंडी "असंल" हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तो आला अलीकडे. आधी ते वडाळे तळ्यावर फिरायला गेले आणि परतीची वाट चुकले. एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. मग न्हाणीघरातला नळ चालू राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी ठिबकलं. त्या दिवशी दीपेशने कर्जतच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमाला फोन केला होता. तो त्याला वृद्धाश्रम म्हणत नसे, 'तिकडची सोय' म्हणे. एक खोली मोकळी होती.

"आता आणखी एक काही झालं," तो स्नेहलला म्हणाला होता, "की मी कोणाला विचारत बसणार नाही."

हे त्याने दार लावून म्हटलं होतं. पण त्या घरात दारं फार जाड नव्हती.

टाकी म्हणजे दीपेशचा जीव की प्राण. त्यातही ही जोडी. बोटाएवढा मासा; तोंडाकडून सायीसारखा पांढरा, गालांवर हळदीची छटा, अर्ध्या अंगापासून नारिंगी, मग लाल, आणि शेपटीपाशी पोचेपर्यंत जवळजवळ काळपट. पाठीवर एक लांब काटा, तो उगाच वरखाली करत राहणार. घरी कोणी आलं की दीपेश त्यांना टाकीपुढे उभं करी. हा उबदार समुद्रातल्या प्रवाळांचा मासा, तो सांगे, पण प्रवाळांच्या दाटीत नाही राहत. उतारावर जिथे वाळू आणि पोवळ्यांचा चुरा साठतो, तिथे याचं बीळ. बिळाच्या जरा वर, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगत राहतो आणि वाहत आलेले बारीक जीव टिपतो. सावली हलली की सुळकन आत. नर-मादी एकाच बिळात. आणि शेवटी जाळीवर बोट ठेवून तो म्हणे, "घाबरला आणि बीळ सापडलं नाही, तर उडी मारतो. म्हणून हिला कोणी हात लावायचा नाही."

आप्पांनी त्याचं नाव शेंदऱ्या पाडलं होतं. दोघांनाही एकच नाव.

फोन वाजला. दीपेश.

"गव्हाण फाट्याला अडकलोय. ट्रेलरची रांग लागलीये. अर्धा तास तरी जाईल. सगळं ठीक ना?"

"हो," स्नेहल म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने टाकीतल्या खडकांच्या फटी पाहिल्या. राहिलेला मासा पांढऱ्या खडकापाशी तरंगत होता; तिचं बोट काचेजवळ गेलं तसा दिसेनासा झाला. दुसराही असाच आत बसला असेल का? बसला असेल असं सांगता येईल. चार चार दिवस बाहेर येत नाहीत, हे दीपेशनेच सांगितलेलं. तिने फिल्टरचं झाकण उघडलं, सोफा ओढला, पडदे झटकले.

आप्पा खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होते. ओली बाही त्यांनी दुसऱ्या हाताने पिळायला घेतली होती. फरशीवर दोन थेंब पडले तसे त्यांनी घाईघाईने पायाने पुसले.

"मना नेऊन सोडंल ना तो?" त्यांनी विचारलं.

"असं काही नाही, आप्पा."

ती कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोकावली. पंपाच्या वायरी जिथे खाली उतरत होत्या तिथे काहीतरी अडकलं होतं. तिने फुटपट्टीने ते पुढे ओढलं.

तो मासाच होता. वाळक्या मिरचीएवढा झालेला, रंग विटकरी, पाठीचा काटा अंगाला चिकटलेला. तिने तो तळहातावर घेतला. क्षणभर तिच्या मनात आलं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा आणि बिळात बसलाय म्हणून सांगावं. ती स्वयंपाकघराकडे वळलीही.

मग थांबली. बोटाने तिने शेपटी चाचपली. शेपटी लवली नाही. कडक होती, सुक्या मांदेलीसारखी. तिने आप्पांच्या बाहीकडे पाहिलं. अजून टोकाशी पाणी साठत होतं, आणि मासा केव्हाच वाळला होता.

ती सकाळी साडेसहालाच शाळेला निघाली होती. त्यानंतर रोजच्यासारखं माशांना खाणं घालून दीपेश द्रोणागिरीच्या गोदामावर गेला असणार.

तिने मासा बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, आणि तेव्हा कुठे पर्स खांद्यावरून उतरवली.

"आप्पा, सदरा बदला ना, गार लागेल," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती बाही दीपेशने ओलीच पाहायला हवी होती.

बेल वाजली. दीपेशने बूट काढता काढताच टाकीकडे पाहिलं. तो रोजच आधी तिकडे पाही.

"दुसरा कुठाय?"

पंप गुणगुणत होता.

"स्नेहल, दुसरा कुठाय?"

आप्पा खुर्चीचा हात धरून उठले. "माज्याकडनं जालं. जाळी मीच काडली असंल. पान्यात हात बी घातला."

"किती वेळा सांगितलं होतं?" दीपेशचा आवाज सुरुवातीला हळूच होता. "किती वेळा सांगितलं होतं, आप्पा? एक गोष्ट. या घरात एकच गोष्ट मी हात लावू नका म्हणालो. नाही, बस्स झालं आता. रविवारी आपण निघायचं." त्याने खिशातून फोन काढला आणि नंबर शोधू लागला.

स्नेहलने बशी त्याच्यापुढे धरली.

"फेकून दे ते."

"हातात घे."

"स्नेहल, मला आत्ता..."

"हातात घे, दीपेश."

त्याने मासा उचलला. त्याच्या बोटांत तो कागदासारखा हलका होता.

"आणि आप्पांची बाही बघ," ती म्हणाली. "अजून सुकली नाहीये."

दीपेशची नजर बाहीवर गेली, मग हातातल्या माशावर, मग जाळीवर. तिथे ती जरा जास्त वेळ थांबली.

"या उकाड्यात काय," तो शेवटी म्हणाला, "पंख्याखाली एवढासा मासा लगेच सुकतो."

स्नेहल त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"व्हय, सुकतो," आप्पा घाईने म्हणाले. "आमच्याकडं तर बांधावर टाकला का घडीभरात सुकायचा. तसंच जालं असंल. माजंच चुकलं, दीपेश. मी परत नाय तिकडं जानार."

त्यांनी ओली बाही मागे लपवली होती, मार चुकवणाऱ्या शाळकरी पोराने लपवावी तशी.

दीपेशच्या हातातल्या फोनवर नंबर तसाच उजळलेला होता. त्याचं बोट त्यावर टेकलं नाही.

"सकाळी," तो म्हणाला. "सकाळी खाणं घालत होतो. तेवढ्यात गोदामातून फोन आला. कंटेनर अडकला म्हणून. बोलत बोलतच मी खाली उतरलो. जाळी परत बसवली की..." त्याने कपाळ चोळलं. "मला आठवत नाही."

स्नेहलला वाटलं आप्पा काहीतरी विचारतील. कदाचित ओरडतीलही, ओरडायला हवं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते मुलाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. काळजी होती.

"व्हतं रं," ते म्हणाले. "कामाच्या गडबडीत नाय रहात ध्यानात कदी कदी. त्यात काय येवडं. बस तू, दमून आलास."

फोनचा उजेड आपोआप विझला. बळीराम पाटील दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी दीपेशच्या खांद्यावरची बॅग उतरवायला हात लावला. पट्टा शर्टाच्या कॉलरमध्ये अडकला. तो सुटेपर्यंत दीपेश मान खाली घालून उभा राहिला.