मांजरसुंब्याकडचा नट

साखरेच्या आजाराने आबांचे डोळे नेले, जीभ तेवढी शाबूत ठेवली, असे मी चिडले की म्हणते. त्या दिवशी सकाळपासून मी चिडलेलीच होते.

समोर लोखंडी घोडीवर सुंदररावांच्या वडिलांची पन्नास वर्षांपूर्वीची बुलेट होती, म्हणजे तिचे नुसते इंजिन. वरचा भाग उतरवून झाला होता. शाफ्टच्या टोकाचा नट निघाला की पोट उघडणार होते. सुंदरराव पांढरे कपडे सांभाळत माझ्या डोक्यावर उभे होते.

"शाफ्ट मोडला तर दुसरा मिळायचा न्हाई, दिपाली. सगळे म्हणत्यात पोरीच्या हातात देऊ नका. मी बंकटच्या नावावर आणलीय."

बंकट म्हणजे आमचे आबा. पाटोद्यात त्यांनी चाळीस वर्षे इंजिने उघडली, पण कुणाला कधी डावे-उजवे म्हणून शिकवले नाही. "डावं-उजवं माणसागणिक बदलतं. गावं जागची हलत न्हाईत," असे म्हणायचे. रस्त्याला पाठ करून बसायचे आणि रस्त्याच्या दोन टोकांची गावे सांगायचे, हा नट जामखेडकडे, तो मांजरसुंब्याकडे. मीही तशीच शिकले.

रस्ता रुंद झाला तेव्हा जुने दुकान गेले. महिन्यापूर्वी आम्ही रस्त्यापलीकडे, समोरच्या बाजूला गाळा घेतला. इथेही बसायचे रस्त्याला पाठ करूनच. रोजच्या गाड्यांना मला आबा लागत नाहीत. आबांना विचारून उघडायचे असे नव्या गाळ्यातले हे पहिलेच इंजिन.

"हा नट सगळ्यांच्या उलटा हाय," माझ्या उजव्या हाताला डब्यावर बसलेले आबा म्हणाले. "पाना उभा लाव, वर पाइप चढव. अन् मांजरसुंब्याकडं ढकल."

मी ढकलले. नट ढिम्म.

"जोर लाव की! भाकरी खाल्ली न्हाईस का?"

दात आवळून जोर लावला. आतून बारीक करकर ऐकू आली.

"काय वाजलं?" सुंदरराव वाकले.

"काय न्हाई. लाव जोर!" आबा ओरडले.

मी हात थांबवला. नट उलटा, म्हणजे उजवीकडे सुटणारा, तर मी रोजच्यासारखीच डावीकडे का ढकलत होते? मागच्या रस्त्याने एसटी गेली, मांजरसुंब्याला जाणारी. माझ्या डाव्या हाताला गेली. जुन्या दुकानात ती उजव्या हाताला जायची.

आबांची गावे हलली नव्हती. आम्ही हललो होतो. मी नट सोडवत नव्हते, आवळत होते. अजून एक हिसका आणि शाफ्टचे दोन तुकडे झाले असते.

पण हे या माणसासमोर कसे बोलू? डोळे गेल्यावर आबांकडे नाव तेवढे उरले होते. तेही मीच घालवू?

"मांजरसुंब्याकडं, पोरी!"

"व्हय, आबा," मी म्हणाले आणि अंग टाकून पाइप उजवीकडे, जामखेडकडे ढकलला.

टक्क. नट सुटला. पाइप भस्सकन खाली आला आणि आबांच्या गुडघ्याला लागला.

"मानलं बंकट तुला!" सुंदरराव हसले. "डोळं न्हाईत, पण अंदाज बघा!"

आबांनी गुडघा चोळला नाही. चाचपडत पाइप धरला आणि तो कुठून कुठे आलाय ते हाताने बघितले. ते जामखेडच्या बाजूला बसले होते; मांजरसुंब्याकडे ढकललेला पाइप त्यांच्या गुडघ्यावर आलाच नसता. त्यांचा चेहरा उतरला. मला ओरडून रडावेसे वाटले.

"सुंदरराव," ते म्हणाले, "मी चुकलतो. दुकान इकडं आलं, माझं डोस्कं तिकडंच ऱ्हायलं. माझं ऐकलं आसतं तर तुमचा शाफ्ट मोडला आसता. पोरीनं वाचवला."

सुंदरराव माझ्याकडे बघत हळूच मागे सरकले आणि बाकावर जाऊन बसले.

"आबा, कावून सांगितलंत?" मी पुटपुटले.

"गाडी माझ्या नावावर आलती," आबा म्हणाले. "जाताना तुझ्या नावावर जाऊ दे. आता फुडचा नट कोणीकडं फिरवायचा, ते तू सांग. मी ऐकतो."