गंज नसलेली गाडी

वायनो किव्हेला चौसष्टाव्या वर्षी साहेबी गाडी शोधायला निघाला, तेव्हा गावात त्याचं चांगलंच हसं झालं. आणि का होऊ नये? तीस वर्षं त्याने उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या रस्त्यांवर बर्फ लोटायचा सरकारी ट्रक चालवला होता. कुणाची गाडी कुठल्या वळणावर खड्ड्यात गेली, कुणाला साखळी लावून ओढून काढावं लागलं, सगळं त्याला तोंडपाठ. त्यातून ती चामड्याच्या सीटांची उंची गाडी असली तर तो मिटक्या मारत सांगायचा, "पैशाने चाकाला पकड येत नाही, बाबांनो."

आता तोच रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन जुन्या उंची गाड्यांच्या जाहिराती वाचत बसे. शेजारचा रुडी म्यॅक्की येता-जाता विचारी, "काय साहेब, गाडीबरोबर ड्रायव्हरही ठेवणार का? मी रिकामाच आहे."

कारण लेम्पी होती, त्याची बायको. उन्हाळ्यात तिचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून दर गुरुवारी साठ मैलांवरच्या हँकॉकच्या इस्पितळात जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं होतं, पार एप्रिल संपेपर्यंत. एकही गुरुवार चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. औषध ती निमूट घेई. त्रास होता तो वायनोच्या पिकअपचा. ती पिकअप कुठल्याही बर्फातून वाट काढी हे खरं, पण तिची सीट म्हणजे फाटक्या रेक्झिनखाली टोचणाऱ्या स्प्रिंगा, आणि रस्ता थंडीने फुगून जागोजागी उचललेला. वायनोने आधी एक उशी ठेवली, मग दोन, मग आईच्या हातची गोधडी घडी करून. दर वळणाला लेम्पी उशा-गोधडीसकट दारावर जाऊन आदळे. त्याच्या बहिणीच्या छोट्या गाडीतून एकदा नेलं, तर ती गाडी अर्ध्या वाटेवर बर्फात रुतली.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी घरी आल्यावर ती दारातल्या बाकावर टेकली आणि बूटही न काढता म्हणाली, "वायनो, मी आता जाणार नाही."

"कुठे?"

"हँकॉकला. रोग मारेल तेव्हा मारेल. तुझी गाडी मला दर आठवड्याला मारते."

तो चूल पेटवायला गेला.  लेम्पीवाचूनचं घर त्याने क्षणभर मनात आणून पाहिलं आणि तो भ्यायला. ती एकदा नाही म्हणाली की नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्या शब्दाला त्याने हलवून पाहिलं नव्हतं असं नाही, पण तो कधी हलला नव्हता.

जेवताना त्याने हळूच विचारलं, "गाडी बदलली तर?"

"आणखी दोन गुरुवार सोसते. तोवर बदल. मग बघू," लेम्पी म्हणाली.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मासेमारीची नाव मोटरीसकट विकून जेमतेम चार हजार डॉलर हाती आले. पण उंची गाडीचं एक बरं असतं. नवी असताना ती घराच्या भावाने जाते आणि म्हातारी झाली की दुरुस्तीच्या धसक्याने कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. चारही चाकांना जोर, मऊ सीट, खाली हवेवर तोललेली बैठक, हे सगळं चार हजारांत मिळू शकत होतं. भीती होती ती फक्त गंजाची.

या मुलखात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. वायनोने स्वतः ते टनांनी टाकलं होतं, त्यामुळे त्या मिठाने गाडीच्या पोटाखाली काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो खिशात हातोडी घालूनच गाड्या बघायला जाई. पहिल्या गाडीच्या चासीत हातोडी आरपार गेली.

"तू भोक पाडलंस!" मालक ओरडला.

"पाडलं नाही, दाखवलं," वायनो म्हणाला आणि हात झटकून निघाला.

दुसऱ्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग फासला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. तिला त्याने हातोडीसुद्धा लावली नाही.

तिसरी गाडी शनिवारी बघायची ठरली, आणि या वेळी लेम्पी म्हणाली, "मी येते. बसायचं मला आहे, तुझ्या हातोडीला नाही."

वायनोची बहीण दोघांना तिथे सोडून गेली. गाडी होती डनिगनबाईंची. नवरा वारल्यावर त्या ॲरिझोनाच्या वाळवंटातून इकडे बहिणीकडे राहायला आल्या होत्या. येताना ऑक्टोबरात गाडी चालवत आणली, ती थेट बहिणीच्या उबदार गॅरेजात ठेवली आणि नंतर बाहेर काढलीच नाही. "या बर्फात चालवणं आपल्याच्याने नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. गाडी सतरा वर्षांची, रंग उन्हाने थोडा विटलेला, पण आतल्या सीटा लोण्यासारख्या पिवळसर चामड्याच्या, कुठे ओरखडा नाही.

वायनो मात्र आत बघायला थांबलाच नाही. त्याने फरशीवर पुठ्ठा टाकला आणि सरळ गाडीखाली शिरला. हातोडी मारली. टण्ण! पुन्हा मारली. टण्ण! तीस वर्षांत असा आवाज त्याने ऐकला नव्हता. बोल्टांवरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. तो पाठीवर सरपटत पुढून मागे आणि मागून पुढे गेला, आणि देवळात आल्यासारखा बघत राहिला.

वर डनिगनबाईंचं चाललंच होतं. "हिने मला कधी त्रास दिला नाही हो. तेल वेळच्या वेळी बदललंय. तिकडे ऊन फार, म्हणून दर रविवारी चर्चहून आले की रेडिएटरला जरा पाणी पाजायचे. बाकी काही मागणं नाही बिचारीचं."

"हो, हो," खालून वायनो म्हणाला. टण्ण!

बाहेर येऊन त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, तेल बोटावर घेऊन हुंगलं, अंगणातल्या बर्फात चारही चाकं फिरवून पाहिली. मग त्याचं लक्ष शेजारच्या सीटकडे गेलं. लेम्पीने बटणं दाबून सीट ऊन केली होती, पाठ थोडी मागे केली होती आणि डोळे मिटले होते. तिच्या कपाळावरची आठी ऑपरेशनपासून कायमची वस्तीला आली होती. आता ती आठी गेली होती.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"कुणीतरी पाठीखाली हात धरल्यासारखं वाटतंय," ती डोळे न उघडता म्हणाली.

झालं. वायनोने घासाघीससुद्धा मनापासून केली नाही. चार हजारांत सौदा ठरला, आणि परतताना लेम्पी अर्धी वाट झोपली.

शनिवार म्हणजे सौना, वाफेने न्हायची खोली, तापवायचा दिवस. सौना झाल्यावर रुडी लालबुंद चेहऱ्याने, टॉवेल डोक्याला गुंडाळून गाडी बघायला अंगणात आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"गंज?"

"औषधालासुद्धा नाही."

"आणि हिची शेपटी रे? वायर कुठाय?"

गावातल्या प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबते. रात्री ती विजेला लावायची म्हणजे इंजिन ऊबदार राहतं. या गाडीला ती नव्हती. वाळवंटातल्या गाडीला कशाला असेल?

"सोमवारी बसवतो," वायनो म्हणाला. "एका रात्रीने काही मरत नाही ती. सकाळी थोडी कुरकुरेल, एवढंच."

"आज उणे तीसपर्यंत उतरणार म्हणतात. पिकअप बाहेर काढून हिला शेडात घे."

"तू मला थंडी शिकवतोस, रुड्या?"

रुडीने हात जोडले आणि कॉफी प्यायला आत गेला.

रविवारी सकाळी वायनोने चावी फिरवली. इंजिनाने एक आचका दिला, पट्टा किंचाळला आणि सगळं गप्प झालं. त्याने बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी गोठून झाकण वर उचललं गेलं होतं. टॉर्च घेऊन तो आणखी खाली वाकला. इंजिनाच्या कुशीला वीतभर लांब चीर पडली होती आणि तिच्यातून बर्फाची पातळ, स्वच्छ पापडी बाहेर डोकावत होती.

आत थंडीत न गोठणारं कूलंट नव्हतंच. साधं पाणी होतं, आणि गोठून फुगताना त्यानेच इंजिन फोडलं होतं. या मुलखात रेडिएटरमध्ये साधं पाणी घालणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, म्हणून ते टोपण उघडून बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. गंजासाठी त्याने गाडीखाली लोळण घेतली होती, आणि पाणी तर चांगल्या मुठीएवढ्या टोपणाखाली वर समोरच होतं.

घरात येऊन त्याने टेलिफोन उचलला. "त्या बाईला विचारतो. फसवलं तिने!"

"ठेव तो," लेम्पी म्हणाली. "तिने सांगितलं होतं. दर रविवारी पाणी पाजायचे, म्हणाली. तू हो हो म्हणालास."

वायनो तिच्याकडे वळला. "तू ऐकलंस? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला गाड्यांतलं सगळंच माहीत असतं."

ती टोमणा मारत नव्हती, आणि तेच जास्त लागलं. त्याने फोन ठेवला. सोमवारी गॅरेजवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, दुसरं इंजिन टाकायचं तर गाडीच्या दुप्पट खर्च येईल. नाव गेली होती, पैसे गेले होते, गुरुवार येतच होता. वायनो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. गावात मात्र भरपूर बोलणं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना खड्ड्यातून काढणारा माणूस स्वतःच्या अंगणात बुडाला, याहून चवदार बातमी हिवाळ्यात मिळत नाही.

मंगळवारी दुपारी तो लाकडं फोडून घरात आला तर लेम्पी नाही. हाका मारल्या. खिडकीतून पाहिलं, तर ती कोट घालून, टोपी कानांवर ओढून त्या मेलेल्या गाडीत बसली होती. तो धावत गेला आणि दार उघडलं.

"वेडी झालीस का? थंडीने आखडशील!"

"बसलेय जरा. सकाळपासून पाठ ठणकत होती."

"अगं, गाडी मेलीय ही."

"गाडी मेली," लेम्पी म्हणाली. "सीट कुठे मेलीय?"

वायनो दार धरून उभा राहिला. त्याने सीटकडे पाहिलं, मग शेडाकडे पाहिलं. शेडात त्याची पिकअप उभी होती. मग तो बोल्ट सोडवायचे पाने आणायला गेला.

चार बोल्ट सुटले आणि सीट बाहेर आली. खरी लढाई पिकअपमध्ये झाली. तिच्या फरशीला इतका गंज होता की बोल्ट धरेनाच. रुडीने आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इथून खालचा रस्ता दिसतोय. हातोडी मारून बघायची का?"

"गप बस आणि टॉर्च नीट धर."

शेवटी वायनोने बर्फ लोटायच्या जुन्या पात्याचा जाड तुकडा कापला, तो फरशीखालच्या चासीवर ठोकून बसवला आणि त्यावर सीट आवळली. बुधवारी संध्याकाळी वायरी जोडल्या. सीट पुढेमागे होऊ लागली, पाठ कलू लागली, दहा मिनिटांत ऊनही झाली. त्या गंजक्या, मातीने माखलेल्या गाडीत ती लोण्याच्या रंगाची सीट म्हणजे गोठ्यात मांडलेलं सिंहासन.

"चार हजारांची खुर्ची!" रुडी म्हणाला. "राजाच्यासुद्धा बुडाखाली नसेल. आणि बाकीची गाडी तू खोक्यासारखी फेकून देणार."

वायनो हसला नाही. गुरुवारचं लेम्पीने काहीच सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा त्याला धीर नव्हता. रात्री त्याने सवयीने दोन उशा आणि गोधडी दारापाशी काढून ठेवली.

गुरुवारी सकाळी तो पिकअप गरम करून आत आला, तर ती बूट चढवून, हातमोजे घालून बाकावर बसली होती. "चल," ती म्हणाली, "उशीर होईल."

जाताना तो इतका हळू चालला की मागून येणारा दुधाचा ट्रक दोनदा भोंगा वाजवून गेला. फुगलेल्या रस्त्याचा प्रत्येक उंचवटा येण्याआधी वायनो श्वास धरी आणि गेला की तिच्याकडे चोरून बघे. धक्के बसत होतेच. पिकअप ती पिकअपच. पण कण्हणं ऐकू आलं नाही. हँकॉकला सुई लागली, औषध चढलं, आणि अंधार पडायच्या आत ते परतीला लागले. तिच्या पायांपाशी दोन उशा आणि गोधडी अवघडून पडली होती.

गावाची वेस दिसू लागली तरी लेम्पी गप्पच होती. वायनोला वाटलं, झोपली. मग ती म्हणाली, "वायनो."

"काय गं? दुखतंय?"

"पुढच्या गुरुवारी या उशा नको घेऊस. पाय लांब करता येत नाहीत."

"बरं," तो म्हणाला. समोरचा रस्ता त्याला नीट दिसेना, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली आणि काच पुसायचं निमित्त करून खाली उतरला.