चिमूटभर फुलं, तांब्याभर पाणी

मित्रांनो, मी एक जुनं लव्हेंडरचं झुडूप आहे. चार उन्हाळे पाहिलेल्या झुडपानं स्वतःला जुनं म्हणवून घ्यावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण सावेडीतल्या एका गॅलरीत, कुंडीत राहून एवढं जगणं आमच्या कुळाला सोपं नाही.

मला स्नेहलनं आणलं. ती पुण्याच्या एका हॉटेलात गोड पदार्थ करायची. सुट्टीला येताना तिनं मला एसटीत मांडीवर घेतलं होतं. घरी आल्या आल्या म्हणाली, "आई, ह्याची फुलं खातात."

तिच्या आईनं, बनुबाईनं, मला हुंगून पाहिलं. "खात्यात? ह्याला तर पावडरीचा वास हाय."

पहिला बहर आला तेव्हा स्नेहल पुण्यात होती. बनुबाईनं कोथिंबीर भुरभुरावी तशी माझी मूठभर फुलं बासुंदीत टाकली. बासुंदीला साबणाची चव आली. तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. म्हणाला, "आंघुळ झाली माझी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सुट्टीत स्नेहलनं आईला रीत शिकवली. फुलं सावलीत वाळवायची. दूध आटलं की गॅस बंद करायचा, चिमूटभर फुलांची मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून त्यात सोडायची आणि वास उतरला की लगेच काढायची. वेलदोडा नको, जायफळ नको. "कमी पडलं तरी चालेल आई, जास्त नको." त्या दिवशी अजिनाथनं वाटी बोटानं पुसून खाल्ली. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

त्या काळात माझ्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. आठवण झाली तर अजिनाथ थोडं पाणी घाली. मला तेच मानवत होतं.

मग स्नेहलला जहाजावरच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "दिवाळीला येईन आई. ह्याच्याच फुलांची बासुंदी करू. तोवर जपशील ना?"

बनुबाईचं माहेर पाथर्डीकडचं. आई-बाप ऊसतोडीला गेले की ही लहानगी हंडा घेऊन टँकरची वाट पाहत बसायची. सगळ्यांचं झालं की उरलेलं पाणी प्यायची. ती सवय अजून सुटलेली नाही. जपायचं म्हणजे पाणी द्यायचं, एवढंच तिला ठाऊक. आमच्या इमारतीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. तरी माझा तांब्या ती आधी काढून ठेवायची. रोज सकाळी आधी तुळशीला पाणी, मग मला. वर हळदीकुंकवाचं बोटही लावायची.

मित्रांनो, माझी मुळं कोरड्या, खडकाळ जमिनीतली. त्यांना सतत ओल सोसत नाही. खालची पानं पिवळी पडू लागली. बनुबाईनं ते पाहिलं आणि संध्याकाळीही तांब्या आणला. "तहान लागली असंल लेकराला," ती म्हणाली. जिनं तहान भोगली, तिला ही तहान नव्हे, हे मी कसं सांगणार होतं? मला तोंड नाही. तिची माया मी मुळांनी पीत राहिलं आणि आतून कुजत गेलं.

काल स्नेहल आली. सामान टाकून थेट गॅलरीत आली. तिनं मातीत बोट घातलं, वर काढून हुंगलं आणि तशीच बसून राहिली. मागून बनुबाईनं विचारलं, "पानी कमी पडलं का गं? म्या एक दिस बी चुकवला न्हाई."

स्नेहलनं ओल्या मातीचं बोट ओढणीला पुसलं. मग म्हणाली, "नाही आई, ऊन जास्त झालं."

माझ्या लाडक्या उन्हावर उगाच आळ आला. पण मला राग आला नाही.

माझ्या अंगावर उरलेले दोन वाळके तुरे स्नेहलनं खुडले. बासुंदी झाली. पहिला घोट घेऊन बनुबाई म्हणाली, "वास हाय की अजून." आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तर जरूर लावा, पण पाणी घालण्याआधी एकदा मातीत बोट घालून पाहा. उद्या सकाळी माझी कुंडी रिकामी असेल. बनुबाई सवयीनं तांब्या घेऊन येईलच. तेव्हा तो तिच्या हातून हळूच घ्या, आणि ती स्वतः पाणी प्यायली का, तेवढं विचारा.