ग्लासातला दगड

धर्म घेतल्यावर पातूर रस्त्यावरच्या आमच्या वस्तीनं पहिलं विहार बांधलं, ते दोन पावसाळ्यातच फाटलं. काळ्या मातीनं भिंतीच उलवल्या. गावातले हसले. म्हणे, यायच्या नव्या धर्माले घरही टिकत नाही. आमच्या घरच्यायले ते लय झोंबलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नोती, पण आता कोणाची भीड धरू? पुंजाजी त्यायचं नाव. दुसरं विहार सरळ उभं राह्यलं पाह्यजे, एवढाच ध्यास घेतला होता त्या माणसानं.

माझा दीर देवमन, मीच वाढवलेला. तो अमरावतीहून ओव्हरशिअर होऊन आला. म्हणे, पाया वरवर नको. पार मुरूम लागेपर्यंत सहा खड्डे खोदा, त्यात खांब उभे करा, खांबावर आडव्या तुळया टाकून भिंत चढवा, अन् तुळयाखाली जमिनीपासून चार बोटं पोकळी ठेवा. माती किती बी फुगो, भिंतीले लागत नाही.

वस्तीतले जुने पंच नत्थुजी आयकत नोते. म्हणे, वैशाखात या मातीत लोखंडी सब्बल मारली तं ठणठण वाजते, मंग यापरीस खडक कोणता असते? आमच्याकडे सारे असेच पाये घालत. रानातली कामं सरली की खोदायचं, माती दगडावानी लागली की थांबायचं. देवमननं कालेजातले आकडे सांगतले. आकड्यायले कोण पुसते?

मंग त्यानं मले काचेचा ग्लास मांगितला. घरात एकच होता. वाळली काळी माती त्यात ठोकून भरली, वरतं दगड ठेवला, पाणी ओतलं. सकाळी सारी वस्ती जमली. दगड दोन बोटं वर आलता. नत्थुजीनं तो दाबून पाह्यला, दबला नाही. म्हणे, बापा, हे तं भिंतच उचलून फेकन. आमचे हे लेकरावानी नाचले.

बुद्ध पुनवेले पहिली कुदळ पडली. भेगाळलेली माती टणक उभी राहे, म्हणून खड्ड्याले आतून फळ्या लावायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाच खड्डे झाले. सहाव्याच्या येळेले अवकाळी पाऊस आला अन् भेगा सारं पाणी पेल्या. सकाळी देवमननं वरून तळ पाह्यला. मुरूम साबूत होता. म्हणे, उतरा दादा, काही होत नाही.

हे उतरले. मी घमेलं घेऊन काठावर उभी होती. आवाज काही मोठा झाला नाही. बाजूची माती उभीच्या उभी सुटली अन् खड्डा भरून गेला. आमी हातानं उकरलं, नखं गेली. दुपारी त्यायले बाहेर काढलं.

मातीले आलेले पाहुणे गेल्यावर देवमन चुलीपाशी येऊन बसला. फळीवरच्या ग्लासाकडे पाहून राह्यला होता.

"वैनी, ग्लासाले बाजू होत्या," तो म्हणला. "म्हणून माती वरतं चढली. खड्ड्याले बाजू नोत्या, ती आत आली. मी तळच पाह्यला."

मी त्याले जेवाले वाढलं. तो जेवला नाही.

विहार त्यानंच पुरं केलं, फळ्या लावून. कितीक पावसाळे झाले. गावातल्या माडीले तडे गेले, आमचं विहार जसंच्या तसं आहे. मोठे इंजिनिअर येतात, भिंतीवरून हात फिरवतात, देवमनची तारीफ करतात. तो खाली मुंडी घालून उभा राहते.

दर वैशाखात मी एकटी विहाराले चक्कर मारते, बोटानं भिंत चाचपते. एक भेग भेटू दे म्हणते, केसाएवढी. मंग देवमनले पोटभर शिव्या देता येतील. भेटत नाही.