चांगल्या दातांचं दुःख

“एखादा तरी किडका असेल हो. नीट बघा,” खुर्चीत आडवा पडलेला ओडील काकुळतीला आला.

“एकही नाही, ओडीलकाका,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही जाल, पण हे दात मागे राहतील. सायकलच्या शर्यती केल्यात हे खरं वाटत नाही. तुमच्या वाल्टेरच्या तोंडात तर काही उरलंच नव्हतं.”

वाल्टेरचं नाव निघताच ओडीलने आपले निरोगी दात करकरा खाल्ले.

शर्यतींच्या दिवसांत वाल्टेर संघाचा म्होरक्या, ओडील त्याचा पाणक्या. मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीतून बाटल्या घ्यायच्या, अंगरख्याच्या पाठीवरच्या खिशांत कोंबायच्या आणि धापा टाकत पुढे पोचवायच्या. रिवाज असा, की साखरपाण्याची बाटली म्होरक्याची, साधं पाणी पाणक्याचं. गोड वड्या, भाताचे केक, तेही म्होरक्याचेच. दिवसभर घोट घोट गोड, त्यात तोंडाला कोरड. दात बिचारे किती टिकणार? वाल्टेर शर्यती जिंकत गेला, दात हरत गेला. ओडील काही जिंकला नाही, काही हरला नाही.

आता गोडलीव्हच्या कॅफेत काचेच्या कपाटात वाल्टेरची सायकल होती, अंगरखा होता आणि मखमलीवर त्याची शेवटची किडकी दाढ. लोक तिच्यापुढे टोपी काढत. ओडीलनेही एकदा चुकून काढली होती, त्याचा सल वेगळाच.

“त्या दाढेतली साखर मी वाहिलीय,” असं तो म्हणाला, तेव्हा गोडलीव्हने खांदे उडवले होते. “मग तुझाही दात आण की. किडका हवा हं! चांगला दात कोण बघतं?”

म्हणून तर ही खुर्ची.

संध्याकाळी तो रिकाम्या हाताने कॅफेत शिरला.

“दात कुठाय?” गोडलीव्ह ओरडली.

“सगळे चांगले निघाले.”

कॅफे खदखदून हसलं. कॉफीत पाव बुडवत बसलेला वाल्टेर मात्र हसला नाही. त्याची कवळी हिरड्यांना टोचायची, म्हणून खिशात असायची. त्याने टोपलीतलं सफरचंद उचलून ओडीलपुढे सरकवलं.

“खा.”

“भूक नाही रे.”

“भुकेचं कोण विचारतंय? खा, लेका. आवाज करून खा.”

ओडीलने चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. सगळ्या माना वळल्या. वाल्टेर टक लावून बघत होता; ओडीलच्या जबड्याबरोबर त्याचाही पोकळ जबडा हलत होता.

सवयीने ओडीलने उरलेलं अर्धं सफरचंद त्याच्यापुढे धरलं. मग हात मागे घेतला आणि तेही सावकाश स्वतःच खाल्लं.